कागद नसलेल्या रुग्णाचा खर्च काउंटी का उचलते, आणि कुठपर्यंत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मावसभाऊ फ्रीमाँटला राहतो, एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतो आणि त्याच्या पर्यटक व्हिसाची मुदत केव्हाच संपलेली आहे. त्याला मधुमेह आहे, गोळ्या भारतातून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर मागवल्या जातात, आणि आता तळपायाची जखम भरत नाही. जानेवारी 2026 पासून मेडि-कॅलने, म्हणजे गरिबांसाठीच्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्य विम्याने, त्याच्यासारख्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवली आहे. एक मित्र सांगतो, काउंटीच्या (म्हणजे जिल्हा पातळीवरच्या स्थानिक सरकारच्या) दवाखान्यात जा, तिथे व्हिसा विचारत नाहीत. दुसरा सांगतो, नाव नोंदवलेस तर इमिग्रेशनवाले दारात उभे राहतील. शिवाय हा भार करदात्यांनी का सोसावा, आणि भावाच्या अर्जावर तुमचा सनीव्हेलचा पत्ता टाकला तर चालेल का, हेही तुम्ही विचारले आहे. मी बे एरियातल्या एका सामुदायिक दवाखान्यात पात्रता तपासण्याचे आणि अर्ज भरून देण्याचे काम बरीच वर्षे करतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. मी वकील नाही; इमिग्रेशनचा प्रश्न जिथे सुरू होतो तिथे मी थांबतो आणि तुम्हीही वकिलाकडे जावे.

बाकी सगळे नंतर, आधी पाय. जखमेभोवतीची लाली वर चढत असेल, ताप असेल, वास येत असेल किंवा बोट काळे पडू लागले असेल, तर त्याला आजच जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. 1986 च्या संघीय कायद्यानुसार मेडिकेअरचे (मुख्यतः वृद्धांसाठीच्या संघीय विम्याचे) पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला आलेल्या माणसाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. त्याच्याकडे पैसे, विमा किंवा व्हिसा आहे की नाही यावर ते अवलंबून नाही. बिल मात्र येते. त्यासाठी मेडि-कॅलचा फक्त तातडीच्या उपचारांपुरता असलेला भाग अजूनही खुला आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांना दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या विमाहीन रुग्णांना बिलात सूट किंवा माफी देण्याचे धोरण ठेवावेच लागते. बिल घरी आले की घाबरून ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या बिलिंग खात्याकडे सवलतीचा अर्ज मागा. पण प्रकृती स्थिर करणे म्हणजे पू काढणे, अँटिबायोटिक देणे, गरज पडलीच तर बोट काढणे. पुढच्या सहा महिन्यांचे इन्सुलिन, दर काही दिवसांनी बदलायचे ड्रेसिंग, तीन महिन्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी यांपैकी काहीही त्यात बसत नाही. काउंटीचे काम नेमके इथून सुरू होते.

तुम्ही विचारता, कागद विचारतात का. माझ्या मते अडचण त्याच्या पुढे आहे. काउंटी देते तो विमा नव्हे. विमा माणसाबरोबर फिरतो. काउंटीची सोय जागेला बांधलेली असते. ठरावीक दवाखाने, ठरावीक हॉस्पिटल, ठरावीक औषधांचे दुकान, आणि तेही तुम्ही त्या काउंटीत राहता तोवर. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे समजावायला मी केईएमचे उदाहरण देतो: महापालिकेचे हॉस्पिटल शहराच्या पैशावर चालते, तिथे गेलात तर उपचार मिळतात, पण तिथले कार्ड दाखवून शेजारच्या खासगी हॉस्पिटलात भरती होता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने 2007 मध्ये सुरू केलेला ‘हेल्दी सॅन फ्रान्सिस्को’ किंवा न्यूयॉर्क शहराने 2019 मध्ये ब्रॉन्क्सपासून सुरू केलेला ‘एनवायसी केअर’, दोन्ही याच जातीचे आहेत आणि आपण विमा नाही हे दोघेही स्वतःच स्पष्ट सांगतात. अलमेडा काउंटीत, म्हणजे तुमच्या भावाच्या काउंटीत, हेल्थपॅक नावाचा कार्यक्रम याच धर्तीवर उभा आहे: उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत, राहणे काउंटीत, आणि मेडि-कॅल मिळत नाही, असा त्याचा साधारण साचा राहिला आहे. रोजचा दवाखाना सामुदायिक क्लिनिकमध्ये आणि तज्ज्ञ डॉक्टर बहुतांशी ओकलंडच्या हायलंड हॉस्पिटलच्या व्यवस्थेत. फ्रीमाँटहून ओकलंडला डोळ्यांच्या तपासणीसाठी जाणे म्हणजे किचनमधल्या कामाचा एक दिवस बुडणे, हे तेवढे लक्षात ठेवा.

काउंटीला हे करण्याचा अधिकार आणि बंधन कुठून येते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात कलम 17000 आहे. स्वतःच्या ऐपतीने, नातेवाइकांच्या आधाराने किंवा इतर संस्थांच्या मदतीने ज्यांचे भागत नाही अशा गरीब आणि आजारी रहिवाशांना काउंटीने आधार द्यावा, असे ते सांगते. मात्र त्यात रहिवाशाच्या आधी ‘कायदेशीर’ असेही लिहिले आहे, आणि त्या एका विशेषणावरून काउंट्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. त्यानंतर 1996 च्या संघीय कल्याण कायद्याने सांगितले की कायदेशीर दर्जा नसलेल्यांना राज्याचे किंवा स्थानिक सरकारचे लाभ द्यायचे असतील, तर राज्याने त्या तारखेनंतर तसा स्पष्ट कायदा करायला हवा. तातडीचे उपचार, लसीकरण आणि संसर्गजन्य आजारांची तपासणी व उपचार यांना त्यातून सूट होती. कॅलिफोर्नियाने 2006 मध्ये आपल्या शहरांना, काउंट्यांना आणि हॉस्पिटल डिस्ट्रिक्टना (हॉस्पिटलसाठी कर घेणाऱ्या स्थानिक संस्थांना) तशी स्पष्ट मुभा दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही. म्हणून तुमच्या मित्राचे ‘काउंटीत जा’ हे वाक्य कोणत्या काउंटीत, आणि कोणत्या वर्षी, हे सांगितल्याशिवाय पुरे होत नाही.

वर्ष का, ते पाहा. सांता क्लारा काउंटीने 2001 मध्ये मुलांचा इमिग्रेशन दर्जा न पाहता त्यांना आरोग्य संरक्षण देणारी योजना सुरू केली, आणि तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून आलेला पैसाही तिच्यात वापरला. मग 2008 ची मंदी आली. 2009 मध्ये काँट्रा कोस्टा आणि सॅक्रामेंटो या दोन्ही काउंट्यांनी कागद नसलेल्या प्रौढांना आपल्या योजनेतून बाहेर काढले. सहा-सात वर्षांनी दोन्हीकडे मर्यादित स्वरूपात, ठरावीक संख्येपुरती, सोय परत आली. लॉस एंजेलिस काउंटीने 2014 मध्ये ‘माय हेल्थ एलए’ नावाची अशीच योजना काढली. तोवर राज्याने स्वतः पुढाकार घ्यायला सुरुवात केली होती: 2016 मध्ये मुले, 2020 मध्ये 25 वर्षांपर्यंतचे तरुण, 2022 मध्ये पन्नाशीच्या पुढचे, आणि जानेवारी 2024 मध्ये उरलेले सगळे प्रौढ मेडि-कॅलमध्ये आले. त्याच महिन्याच्या शेवटी ‘माय हेल्थ एलए’ बंद झाले, कारण त्याची गरज संपली असे वाटले. दोन वर्षेही झाली नाहीत तोच खर्च अंदाजाबाहेर गेला, राज्याच्या तिजोरीला तूट आली, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात नवी नोंदणी गोठवण्याचे ठरले. जे आधी आत आहेत ते राहू शकतात, पण नूतनीकरण चुकले आणि 90 दिवसांत सावरले नाही, तर परतीची वाट नाही. मुलांना आणि गर्भवतींना हा निर्णय लागू नाही. तुमच्या भावाने 2024 किंवा 2025 मध्ये अर्ज केला असता तर आज हा प्रश्न उरला नसता. तो त्या काळात घाबरून थांबला, असे तुम्ही लिहिले आहे, आणि अशी माणसे मी पुष्कळ पाहतो.

इथे एक हिशेब आहे जो बातम्यांत फारसा येत नाही. गरिबांच्या आरोग्यासाठी काउंट्यांना 1991 पासून विक्रीकर आणि वाहन शुल्काचा एक वाटा राज्याकडून मिळत आला. ओबामा यांच्या आरोग्य कायद्यामुळे विमा नसलेल्यांची संख्या घटणार म्हणून 2013 च्या एका राज्य कायद्याने त्या वाट्याचा मोठा भाग काउंट्यांकडून काढून दुसऱ्या कल्याण योजनेकडे वळवला. तेव्हाच्या परिस्थितीत ते तर्काला धरून होते. आता विमाहीन माणसे पुन्हा काउंटीच्या दारात येणार आहेत आणि वळवलेला पैसा मात्र त्यांच्याबरोबर परत आलेला नाही. जुलै 2025 च्या संघीय कायद्याने मेडिकेडमध्ये (गरिबांच्या विम्याची देशभरातली योजना; मेडि-कॅल हे तिचेच कॅलिफोर्नियातले रूप) केलेल्या कपातीचा फटकाही सार्वजनिक हॉस्पिटलांना बसणार आहे. सांता क्लारा काउंटीच्या मतदारांनी नोव्हेंबर 2025 मध्ये पाच वर्षांसाठी विक्रीकरात डॉलरमागे पाच-अष्टमांश सेंटची वाढ मंजूर केली, ती याच खड्ड्याकडे पाहून. म्हणून काउंटीची सोय आज आहे तशी पुढच्या जूनमध्येही असेल असे मी कोणालाही सांगत नाही.

करदात्यांच्या प्रश्नाला मी टाळणार नाही, कारण तो प्रामाणिक प्रश्न आहे. अलमेडा काउंटीत 2004 पासून आरोग्यासाठी अर्ध्या सेंटचा वेगळा विक्रीकर आहे. त्याचा तीन-चतुर्थांश भाग हायलंडच्या सार्वजनिक व्यवस्थेला जातो, आणि 2014 मध्ये मतदारांनी तो 2034 पर्यंत वाढवला. तुमचा भाऊ फ्रीमाँटमध्ये बूट घेतो, फोन घेतो, तेव्हा तो कर तोही भरतो. त्याच्याकडून तो घेताना दुकानदार व्हिसा पाहत नाही. तरीही त्याने भरलेला कर त्याच्या उपचाराला पुरेल असा दावा मी करणार नाही. कोणत्याही आजारी माणसाचा पुरत नाही. मला त्याहून ठोस वाटणारा युक्तिवाद खर्चाच्या वेळेचा आहे. इमर्जन्सीचे दार कायद्याने उघडे ठेवले आहे आणि ते कोणी बंद करणार नाही. प्रश्न एवढाच उरतो की काउंटीने पैसे इन्सुलिनवर घालवायचे की कापलेल्या पायावर. टेक्सासमधल्या डॅलसमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या, कागद नसलेल्या रुग्णांपैकी काहींना नियमित डायलिसिस मिळू लागले, तर काहींना जीव घाबरा झाल्यावर इमर्जन्सीत येऊनच ते मिळत राहिले. पहिल्या गटात वर्षभरात 3 टक्के दगावले, दुसऱ्यात 17 टक्के, आणि खर्चही दुसऱ्याच गटाचा जास्त निघाला. विरोधी बाजूचा जो मुद्दा मला खरा वाटतो तो रांगेचा आहे: काउंटीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे आधीच महिनोन्महिने थांबावे लागते, आणि प्रत्येक नवा माणूस त्याच रांगेत उभा राहतो. त्यावर उत्तर डॉक्टर वाढवणे हे आहे, पण तो पैसा कुठून, हे पुन्हा मतदारच ठरवणार.

टेक्सासचे नाव निघालेच आहे तर ह्यूस्टन-डॅलसच्या मराठी वाचकांसाठी दोन ओळी. तिथे काउंटी हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट मालमत्ता करावर चालतात. 2001 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने मत दिले की ह्यूस्टनच्या डिस्ट्रिक्टने कागद नसलेल्यांना तातडीखेरीजचे सवलतीचे उपचार देणे 1996 च्या कायद्यात बसत नाही. 2003 मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून तशी मुभा दिली. त्यानंतरही डॅलसचे पार्कलंड हे सार्वजनिक हॉस्पिटल अशा रहिवाशांना सवलत योजनेत घेत राहिले आणि शेजारच्या फोर्ट वर्थच्या सार्वजनिक हॉस्पिटलाने वर्षानुवर्षे घेतले नाही. दोन शहरांमध्ये अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे.

आता भीतीबद्दल. ती निराधार आहे असे सांगून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. जून 2025 मध्ये संघीय आरोग्य यंत्रणेने कॅलिफोर्नियासह काही राज्यांच्या मेडिकेड नोंदींतली माहिती गृहसुरक्षा खात्याकडे, म्हणजे इमिग्रेशन यंत्रणा ज्याच्या हाताखाली आहे त्याच खात्याकडे, दिल्याचे उघड झाले. राज्ये न्यायालयात गेली, आणि तेव्हापासून काय देता येते आणि काय नाही याचे आदेश बदलत राहिले आहेत. म्हणून मी फरक असा समजावतो: मेडि-कॅलमध्ये संघीय पैसा असतो आणि त्याच्या नोंदी वर पाठवल्या जातात, निव्वळ काउंटीच्या पैशावरच्या योजनेची किंवा क्लिनिकच्या उत्पन्नानुसार ठरणाऱ्या फीची नोंद त्या नळातून जात नाही. न्यायालयाचा आदेश आला तर कोणतीच नोंद अभेद्य नाही, पण रोजच्या व्यवहारात हा फरक मोठा आहे. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2025 मध्ये केलेल्या कायद्याने इमिग्रेशन दर्जाची माहिती वैद्यकीय माहितीइतकीच गोपनीय ठरवली आणि दवाखान्याच्या आतल्या, रुग्णांच्या भागात वॉरंटशिवाय येण्यावर निर्बंध घातला.

मात्र एक पेच आहे. काउंटीच्या बऱ्याच योजना आधी मेडि-कॅलची पात्रता तपासून घ्या असे सांगतात, कारण दुसरीकडून पैसे मिळत असतील तर काउंटीला स्वतःचे खर्च करायचे नसतात. म्हणजे ज्या दारातून जायचे टाळले, त्याच दारातून जाण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी मी समोरच्याला दोन्ही बाजू सांगतो आणि निर्णय त्याच्यावर सोडतो. ज्याचा पत्ता सरकारकडे आधीच आहे, म्हणजे ज्याने आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना मिळणारा कर क्रमांक) घेऊन कर भरला आहे किंवा ज्याचा इमिग्रेशन कोर्टात खटला चालू आहे, त्याला नव्या नोंदीचा धोका तुलनेने थोडा असतो. ज्याची कुठेच नोंद नाही त्याने आधी सामुदायिक क्लिनिकमध्ये साध्या फीवर उपचार सुरू करावेत आणि योजनेचा विचार वकिलाशी बोलून करावा. संघीय अनुदान घेणाऱ्या या क्लिनिकनाही 2025 मध्ये दर्जा तपासण्याच्या कक्षेत आणायचा प्रयत्न झाला; दावा लावणाऱ्या राज्यांत, म्हणजे कॅलिफोर्नियातही, न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढे लग्नातून किंवा इतर मार्गाने ग्रीनकार्डची शक्यता असेल तर ‘सरकारवर भार’ ठरण्याचा नियमही वकिलाला विचारा. 2022 च्या नियमात दवाखान्याचे उपचार त्यात धरलेले नाहीत, पण तो नियम रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर 2025 मध्ये आलेला आहे.

प्रत्यक्ष नोंदणीला जाताना काय होते, ते सांगतो. टेबलापलीकडचा माणूस तीन गोष्टी पाहतो: तुम्ही कोण, कुठे राहता, किती कमावता. पहिल्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी बहुतेक ठिकाणी. दुसऱ्यासाठी विजेचे बिल, बँकेचे पत्र किंवा घरमालकाचे पत्र. तिसऱ्यासाठी पगाराच्या पावत्या. रोख पगार मिळत असेल तर मालकाचे पत्र, आणि मालक देत नसेल तर स्वतःचे लेखी निवेदन. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर तो रकाना रिकामा ठेवायचा. कामासाठी वापरलेला दुसऱ्याचा किंवा बनावट क्रमांक तिथे कधीही लिहू नये, आणि ‘अमेरिकन नागरिक’ या चौकोनात चुकूनही खूण करू नये. उपचार नाकारले गेले तर दुसरी वाट निघते, पण त्या खुणेचे परिणाम वकिलालाही सहसा निस्तरता येत नाहीत. फोनवर आधी एवढेच विचारा: ‘मेडि-कॅल मिळत नसलेल्या प्रौढ रहिवाशासाठी काउंटीची कोणती योजना सध्या नोंदणी घेत आहे, आणि त्याआधी मेडि-कॅलचा अर्ज करावा लागतो का?’ नाव सांगायची गरज नाही.

पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांसाठी याच योजना वापरता येतील का, असेही मला नेहमी विचारले जाते. त्यांचा व्हिसा चालू असताना ‘आम्ही इथले रहिवासी’ असे लिहून देणे आणि ‘आम्ही परत जाणार’ असे सांगून व्हिसा घेणे ही दोन विधाने एकमेकांना छेद देतात. त्यांच्यासाठी प्रवासी विमा, इमर्जन्सी आणि हॉस्पिटलची बिल-सवलत, इतकेच मार्ग धरावेत.

राहिला तुमच्या सनीव्हेलच्या पत्त्याचा प्रश्न. तो देऊ नका. सनीव्हेल सांता क्लारा काउंटीत आहे आणि भाऊ अलमेडात राहतो. अर्जावरची सही खोट्या शपथेच्या शिक्षेची जाणीव ठेवून केलेली असते, आणि खोटा पत्ता उघड झाला तर योजना तर जातेच, पुढच्या प्रत्येक इमिग्रेशन अर्जात ते खोटे आडवे येते. तो खरोखरच तुमच्याकडे राहायला येणार असेल तर गोष्ट वेगळी. मग त्याने सांता क्लारात नव्याने अर्ज करावा आणि तुम्ही राहण्याबद्दलचे पत्र द्यावे. ‘अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याबरोबर या पत्त्यावर राहते’, एवढे एकच वाक्य, सही आणि तारीख. अशा पत्राने त्याच्या बिलांची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, पण तुम्ही त्याचा खर्च उचलता असे त्यात लिहिलेत तर ती रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते, आणि त्याच्या इमिग्रेशन दर्जाविषयी त्या पत्रात काहीही लिहिण्याची गरज नाही.